वजन खाली ठेवल्यानंतर

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पाच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंवर एक प्रयोग झाला. प्रत्येकाच्या दंडातल्या धमनीत बारीक नळी सरकवली आणि ती दाब मोजणाऱ्या यंत्राला जोडली. दंडाला पट्टा गुंडाळून दाब पाहायला वेळ लागतो. वजन वर जाताना क्षणाक्षणाला तो कसा चढतो ते त्यात कळत नाही, म्हणून हा खटाटोप. मग त्यांना दोन्ही पायांनी लेग प्रेस करायला लावलं, पुढचा एकही रेप निघणार नाही इथवर. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याचा दाब 120/80च्या आसपास असतो. या पाच जणांची सरासरी निघाली 320/250. एकाचा दाब तर 480/350च्याही वर गेला. 1985 साली हे आकडे प्रसिद्ध झाले. व्यायामावर लिहिताना मला सगळ्यात आधी तेच आठवतात, कारण जिममध्ये कॅलरीची चर्चा रोज होते आणि या दाबाची जवळजवळ कधीच होत नाही.

दाब इतका चढतो कशाने? आवळलेला स्नायू स्वतःतल्या रक्तवाहिन्या बाहेरून दाबून धरतो. हृदयाला अरुंद झालेल्या वाटेतून रक्त ढकलावं लागतं. त्यात आपण श्वास कोंडून कुंथतो. बंद घशामागे छातीतला दाब वाढतो आणि तो धमन्यांतल्या दाबात मिसळतो. वजन खाली ठेवून श्वास सोडला की हाच दाब काही सेकंदांत कोसळतो, कधी नेहमीच्या पातळीच्याही खाली. जड सेटनंतर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. एक गोष्ट मात्र पटकन पटत नाही. आपल्याला जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनापेक्षा, त्याच्या ऐंशी-नव्वद टक्के वजन हात-पाय जवाब देईपर्यंत उचलत राहिलं तर दाब जास्त चढतो. हृदयावरचा ताण वजनाच्या आकड्याइतकाच सेट किती ताणला यावरही ठरतो.

आता ऊर्जेचं गणित. ते शाळेतल्या भौतिकशास्त्राचंच आहे. समजा, एखादा माणूस 95 किलोचा बार खांद्यावर घेऊन तीन स्क्वॉट मारतो आणि दुसरा 70 किलोचा बार घेऊन दहा. बार दर वेळी अर्धा मीटर वर जातो असं धरू आणि अंगाचं वजन तूर्त बाजूला ठेवू. पहिल्याचं काम सुमारे 1,400 ज्यूल, दुसऱ्याचं 3,430. खर्च झालेल्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्साच कामी येतो, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे पहिल्याच्या सेटला पावणेदोन कॅलरी लागल्या आणि दुसऱ्याच्या सेटला चार. जड वजनाने ताकद वाढते, हे खरंच. पण तासाभराची एकूण कमाई वजन, रेप्स आणि सेट यांच्या गुणाकारावर आणि मधल्या विश्रांतीवर ठरते. पाच-पाच मिनिटं थांबत उचललेल्या जड वजनाच्या तासात माणूस खरं तर बराच वेळ बसलेला असतो.

संशोधक अशा तासाचा खर्च विश्रांतीतल्या खर्चाच्या पटीत मांडतात. साधा, आठ ते पंधरा रेप्सचा वजनाचा व्यायाम साडेतीन पट, जोरकस व्यायाम सहा पट. 70 किलोच्या माणसाला तासाला सुमारे 245 किंवा 420 कॅलरी. मनगटावरचं घड्याळ याहून बराच मोठा आकडा दाखवत असेल तर त्यावर विसंबू नका. घड्याळ मुख्यतः नाडीवरून अंदाज बांधतं. धावताना नाडी आणि ऑक्सिजनचा वापर हातात हात घालून वाढतात. वजन उचलताना नाडी चढते, पण ऑक्सिजनचा वापर तेवढा वाढत नाही.

राहिली ती व्यायाम संपल्यावरही कॅलरी जाळत राहणारी ‘भट्टी’. ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1920च्या दशकात हार्टली लप्टन यांच्यासोबत धावणाऱ्या माणसांचा उच्छ्वास मोजला. धावणं थांबल्यावरही धाप चालू राहते आणि जादा ऑक्सिजन आत जात राहतो, हे पाहून त्यांनी त्याला ऑक्सिजनचं कर्ज म्हटलं. शब्द इतका चपखल होता की साठ वर्षं टिकला. पण लॅक्टिक आम्लाची परतफेड हे त्यांचं स्पष्टीकरण पुरं पडलं नाही. 1984 साली गेसर आणि ब्रूक्स यांनी सुचवलं की कर्ज हा शब्द सोडा, व्यायामानंतरचा जादा ऑक्सिजन एवढंच म्हणा. कारण त्यात बऱ्याच गोष्टी येतात: स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा पुन्हा भरणं, वाढलेलं तापमान, चढलेली अ‍ॅड्रिनलिन, अजून जोरात चाललेलं हृदय. तीव्रता वाढली की हा जादा खर्च वाढतो, यात शंका नाही. पण बहुतेक मोजण्यांत तो प्रत्यक्ष व्यायामाच्या खर्चाच्या 6 ते 15 टक्क्यांत बसतो. 400 कॅलरींच्या मेहनतीमागे फार तर 60. अर्धी-पाऊण पोळी. वाढलेल्या स्नायूंचंही तसंच: एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे 13 कॅलरी वापरतो. हे ऐकून कुणी वजनं सोडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. हाडं, सांधे, रक्तातली साखर आणि म्हातारपणी खुर्चीतून आधाराशिवाय उठण्याची ताकद यासाठी वजनं उचलायची असतात. नियमित उचलणाऱ्यांचा विश्रांतीतला रक्तदाबही थोडा उतरतो.

माझं लक्ष कॅलरीपेक्षा दोन सेटच्या मधल्या वेळाकडे असतं. व्यायाम थांबताच नाडी झपकन उतरते, ते काम मुख्यतः व्हेगस मज्जातंतूचं. मेंदूपासून निघून हृदयाला लगाम घालणारी ही नस श्रमात ढिली पडते आणि श्रम संपताच पुन्हा ताण घेते. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी 2,428 जणांना ट्रेडमिलवर दमवलं, मग सावकाश चालायला लावून पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते ते नोंदवलं. 1999 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: ज्यांची नाडी एका मिनिटात 12 ठोके किंवा त्याहूनही कमी उतरली, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण, वय आणि इतर आजारांचा हिशेब धरूनही, सुमारे दुप्पट होतं. हा 12चा आकडा ट्रेडमिलचा आहे. तो स्क्वॉटच्या सेटला जसाच्या तसा लावू नये. सेट पूर्ण थकवा येईपर्यंत नेला की व्हेगसचं परतणं लांबतं. तेच वजन तीन-चार रेप्स शिल्लक ठेवून उचललं तर ते लवकर होतं.

म्हणून स्वतःचीच स्वतःशी तुलना करावी. सेट संपला की मनगटावर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. मिनिटाने पुन्हा मोजा. नेहमीच्याच वजनाला, नेहमीच्याच विश्रांतीनंतर नाडी आज खाली यायला तयार नसेल तर झोप कमी झाली असेल, ताप येऊ घातला असेल किंवा कालचा थकवा अंगात असेल. त्या दिवशी वजन उतरवावं. बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी मुळात फारशी चढत नाही, त्यांना ही खूण उपयोगाची नाही. त्यांनी धाप किती लागते ते पाहावं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने वयस्कांना आणि हृदयरुग्णांना सुरुवातीला कमाल क्षमतेच्या 40 टक्क्यांखालचं वजन दहा ते पंधरा वेळा उचलायला सांगितलं आहे, आणि श्वास न कोंडता. अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

श्वासाची ही गोष्ट जिमबाहेरही तितकीच लागू आहे. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारे 30 किलोचा. साठीतला माणूस तो दात-ओठ खाऊन, श्वास रोखून ओट्याखाली सरकवतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सिलिंडर पोचवणारा मुलगा तो खांद्यावर घेताना तोंडाने मोठ्याने ‘हुंऽ’ करतो आणि जिन्याच्या दर चार-पाच पायऱ्यांना फुंकर घातल्यासारखा श्वास सोडतो. त्याला हे कुणी शिकवलं नाही, असं तो म्हणाला. रस्त्यावर जड पाइप ओढणारी माणसं ‘जोर लगाके हैशा’ म्हणतात, तेव्हाही जोर लागतो तो ‘हैशा’वर, आणि त्या क्षणी सगळ्यांचे घसे उघडे असतात.