प्राचीन इस्राएली धर्मातील द्रष्टे व संदेष्टे : स्वरूप आणि कार्य

प्रस्तावना :
प्राचीन इस्राएलमध्ये ईश्वरी इच्छा जाणण्याचे एकाहून अधिक मार्ग प्रचलित होते. याजक उरीम व थुम्मीम यांच्या साहाय्याने कौल घेत. द्रष्टे व संदेष्टे दर्शन आणि वाणी यांच्या आधारे बोलत. हिब्रू बायबलमध्ये द्रष्ट्यासाठी ‘रोए’ व ‘होझे’, तर संदेष्ट्यासाठी ‘नाबी’ हे शब्द आढळतात.

द्रष्टा आणि संदेष्टा :
हरवलेल्या गाढवींचा शोध घेणारा शौल शमुवेल या द्रष्ट्याकडे जातो, तेव्हा दक्षिणा म्हणून चाकराजवळचे पाव शेकेल रुपे पुरेसे वाटते. त्याच प्रसंगी, पूर्वी ज्याला द्रष्टा म्हणत त्यालाच पुढे संदेष्टा म्हणू लागले, असा खुलासा ग्रंथात येतो. ही प्रथा केवळ इस्राएलची नव्हती. इ.स.पू. १८व्या शतकातील मारी येथील पत्रांत देवतांच्या नावे राजाला दिलेले संदेश आहेत. जॉर्डनमधील देर अल्ला येथे १९६७ मध्ये सापडलेल्या लेखात बलाम हा द्रष्टा म्हणून येतो.

राजसत्ता आणि संदेष्टा :
राजाश्रय असूनही नाथान दावीद राजाला त्याच्या अपराधाबद्दल दोष देतो. इ.स.पू. ८व्या शतकातील आमोस दरबारी नव्हता. तो गुरे राखणारा व उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा होता. बेथेलचा याजक अमस्या त्याला ‘द्रष्टा’ असे संबोधून यहूदात जाऊन पोट भरण्यास सांगतो. आमोस मात्र आपण व्यवसायाने संदेष्टा नसल्याचे ठणकावतो.

खरा संदेष्टा कोणता?
अहाब राजाला सुमारे ४०० संदेष्टे विजयाची ग्वाही देतात. एकटा मीखाया पराभव सांगतो. यिर्मयाच्या काळी हनन्या बाबेलचे जोखड दोन वर्षांत मोडेल असे सांगतो, तर यिर्मया शरणागतीचा सल्ला देतो. दोघेही एकाच ईश्वराच्या नावाने बोलतात. वचन खरे ठरणे ही ‘अनुवाद’ या ग्रंथातील कसोटी. परंतु ती घटनेनंतरच लागू पडते. श्रोत्यांना निर्णय मात्र त्याआधीच घ्यावा लागे आणि त्यावर नगराचे अस्तित्व अवलंबून असे. इ.स.पू. ५८७-५८६च्या सुमारास यरुशलेमचा पाडाव झाला.

समारोप :
संदेष्टा हा केवळ भविष्यवेत्ता नव्हता. सत्ता व समाज यांना नैतिक जाब विचारणे हेही त्याचे कार्य होते. ज्या समाजाने ही अप्रिय वाणी झिडकारली, त्याच समाजाने पुढे ती धर्मग्रंथ म्हणून जतन केली, यातच या परंपरेचे वेगळेपण दिसून येते.