सूत, गेज आणि मिलिमीटर

बांधकामावरचा फिटर ‘चार सुती’ सळई मागतो, दुकानदार १२ एमएमची देतो आणि दोघांचाही व्यवहार सुरळीत पार पडतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. त्या हिशेबाने चार सूत १२.७ मिलिमीटर भरतात. हा फरक डोळ्याला दिसत नाही. पण सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते सुमारे ११ टक्क्यांनी कमी पडते. नकाशाच मिलिमीटरमध्ये असेल तर काही बिघडत नाही. जुन्या सुती हिशेबावर नवी सळई बांधली, तर बिघडते. सुतारकामात मात्र हेच सूत निरुपद्रवी आहे : सहा सूत म्हणजे १९.०५ मिलिमीटर आणि प्लायवूड मिळते १९चे.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी कारागिरांच्या तोंडून सूत गेले नाही. नटबोल्टमध्ये याचा त्रास लगेच जाणवतो. अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे एम-८ बोल्टचा जुळा भाऊच वाटावा असा. पण व्हिटवर्थ पद्धतीच्या अडीच सुतीला इंचाला १८ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिलिमीटर अंतर. एम-८च्या नेहमीच्या बोल्टला ते १.२५. एकाचा नट दुसऱ्यावर एकदोन फेरे चढतो आणि अडकतो. पान्याने जोर केला की आटे गेलेच.

सगळ्यांत फसवे माप गेज. तारेच्या आणि पत्र्याच्या धंद्यात आकडा वाढला की जाडी घटते : ब्रिटिश तारगेजात १८ गेज १.२२ मिलिमीटर, तर २२ गेज जेमतेम ०.७१. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गेज याच्या नेमके उलटे चालते. तिथे १०० गेज म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन आणि २०० गेज म्हणजे त्याच्या दुप्पट. पत्र्याचा व्यापारी पॅकिंगची पिशवी मागवताना ‘जाड हवी’ म्हणून लहान गेज सांगू लागला, तर हाती झिरझिरीत माल येईल.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर एकाच आकड्याचे दोन अर्थ होतात. सर्किट बोर्डावरच्या चिमुकल्या रोधकाचा आकार ‘०६०३’ असा लिहितात. इंची संकेतात तो ०.०६ बाय ०.०३ इंच, म्हणजे साधारण १.६ बाय ०.८ मिलिमीटर. मेट्रिक संकेतात ०.६ बाय ०.३ मिलिमीटर. पहिला चिमट्याने सहज उचलता येतो, दुसरा मिठाच्या कणाएवढा. म्हणून ऑर्डर देताना संकेत इंची की मेट्रिक हे लिहावेच लागते.

बाकी ठिकाणी शंका आली, तर कॅलिपर लावून माप मिलिमीटरमध्ये लिहिणे सर्वांत सोपे. अपवाद नळाच्या पाइपाचा. अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून सुमारे २१.३ मिलिमीटर असतो आणि आतूनही नेमका अर्धा इंच भरत नाही. तिथे ‘अर्धा इंच’ हे केवळ नाव आहे आणि खरेदी त्या नावानेच करावी लागते.