काच फुटली, पण कशामुळे? मोटरहोमची समोरची काच : दुरुस्ती की बदल

या मालेत आपण रोजच्या व्यवहारातला एकेक निर्णय घेतो आणि त्यामागचा विचार कसा चालतो ते तपासतो. आजचा निर्णय वरवर साधा आहे. मोटरहोमच्या समोरच्या काचेला तडा गेला, तर ती दुरुस्त करायची की बदलायची?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने गॅरेजमधला विषय कशाला घ्यावा, असं कुणी विचारील. घेतला याचं कारण असं, की 'हे कशामुळे झालं' हा आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न आहे. आणि या काचेच्या बाबतीत तो न विचारता पुढे गेलात, तर हजारो डॉलर दोनदा खर्च होऊ शकतात. अमेरिकेतले आपले बरेच मराठी लोक निवृत्तीनंतर मोटरहोम घेऊन फिरतात. त्यांना हे उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे साधी मोटार आहे त्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे.

आधी गाडी कोणती ते ठरवू. अमेरिकेत मोटरहोमचे तीन वर्ग मानतात. बी म्हणजे व्हॅनमध्येच केलेलं घर. सी म्हणजे व्हॅनची पुढची केबिन तशीच ठेवून मागे बांधलेलं घर. या दोन्हींची समोरची काच मूळ व्हॅनचीच असते, त्यामुळे ती नेहमीच्या काचवाल्याकडे सहज मिळते. खरा पेच ए वर्गाचा. तिथे ट्रकची किंवा बसची नुसती चासी घेऊन तिच्यावर पूर्ण घर बांधलेलं असतं. पुढचा भाग फायबरग्लासचा, आणि त्यात जवळजवळ गाडीच्या रुंदीची काच. अमेरिकेत मोठ्या वाहनाला १०२ इंच, म्हणजे सुमारे २.६ मीटर रुंदीची मुभा आहे. त्यावरून काचेच्या आकाराची कल्पना करा. काही गाड्यांत ती एकसंध असते, तर काहींत मध्ये पट्टी घालून दोन भागांत, आपल्या जुन्या एसटी बसला असायची तशी. दोन भाग असतील तर एक फायदा आहे, फुटलेली अर्धीच बदलता येते.

आता ही काच म्हणजे काय? ती एक काच नाही. दोन काचा आणि मध्ये साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा पारदर्शक प्लास्टिकचा थर, असं ते सँडविच असतं. या थराचं नाव पॉलिव्हिनाइल ब्युटिरल. अशा काचेचं मूळ फ्रान्समध्ये एदुआर बेनेडिक्टस यांच्या प्रयोगशाळेत सापडतं. १९०३ साली त्यांच्या हातून एक काचेचं भांडं पडलं, तडकलं, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून चिकटलेला होता. त्यावरून त्यांनी पुढे १९०९ मध्ये पेटंट घेतलं. बाजूच्या खिडक्यांची काच वेगळी असते. ती फुटली की तिचा खडीसाखरेसारखा चुरा होतो. समोरची काच तडकते, पण जागेवर राहते आणि माणसालाही आत ठेवते. काचेच्या कोपऱ्यात 'एएस १' असा शिक्का दिसेल. समोर बसवायला योग्य, असा त्याचा अर्थ.

रस्त्यावरचा खडा लागतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरच्या काचेचा टवका उडतो. आतली काच आणि मधला थर शाबूत असतो. म्हणूनच दुरुस्ती शक्य होते. कारागीर टवक्यावर एक छोटं यंत्र बसवतो, आतली हवा ओढून घेतो, पातळ राळ दाबाने आत सोडतो आणि अतिनील प्रकाशाने ती घट्ट करतो. या राळेतून प्रकाश जवळजवळ काचेसारखाच जातो, म्हणून डाग फिका पडतो. पूर्ण नाहीसा होत नाही. तसं वचन कुणी दिलं तर सावध राहा. दुरुस्तीचा हेतू तडा पुढे पसरू नये हा आहे. सौंदर्य हा नंतरचा भाग.

टवका उडाल्याबरोबर एक काम लगेच करायचं. काच कोरडी असेल तर त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावायची. हे घरगुती टोटकं वाटेल, पण त्यामागे पक्कं शास्त्र आहे. ग्रिफिथ नावाच्या इंग्लिश अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवलं, की काचेची ताकद तिच्यातल्या बारीक चिरांवर ठरते. सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. त्या टोकाशी पाणी पोचलं, की काचेतले बंध आणखी सहज तुटतात आणि चीर हळूहळू, आवाज न करता पुढे सरकते. शिवाय आत धूळ आणि ओल गेली की राळ नीट धरत नाही. म्हणून पट्टी लावा, दुरुस्ती होईपर्यंत गाडी धुऊ नका, आणि थंडीत गोठलेल्या काचेवर एकदम गरम हवेचा झोत सोडू नका.

दुरुस्ती कधी चालते? टवका पाव डॉलरच्या नाण्याखाली, म्हणजे साधारण २४ मिलिमीटरमध्ये झाकला जात असेल, तो चालकाच्या नजरेसमोर नसेल, काचेच्या कडेपासून दूर असेल आणि आतली काच धड असेल, तर बहुधा चालते. शेवटची गोष्ट नखाने कळते. गाडीत बसून आतल्या बाजूने तड्यावर नख फिरवा. नख अडकलं तर आतली काचही गेली, मग बदलण्यावाचून मार्ग नाही. लांब तडे काही कारागीर भरून देतात, पण कडेला पोचलेला तडा भरून भरवसा वाटत नाही. काचेवर सगळ्यात जास्त ताण कडेलाच असतो.

इथपर्यंतचं कुठल्याही काचवाल्याने सांगितलं असतं. आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात, तिथे कावळा आणि ताडाचं फळ आहे. म्हणीत आपण कावळ्याला निर्दोष ठरवतो, कारण फांदी आधीच मोडायला आलेली असते. पण काच फुटली की हीच म्हण विसरतो. 'खडा लागला' म्हणतो आणि चौकशी तिथेच संपते. नैयायिकांनी कारणांचे प्रकार करताना निमित्तकारण वेगळं काढलं. घड्याला कुंभार निमित्त, पण घडा मातीचा आहे, आणि मातीचे भाग एकमेकांना कसे जोडले गेले यावर त्याचं टिकणं आहे. खडा हा निमित्त. काच चौकटीत कशी बसली आहे हा खोलातला प्रश्न.

ए वर्गाच्या गाडीत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो, कारण ते चाकांवरचं घर आहे आणि घर पिळवटतं. उंचसखल रस्त्यावर चासी पिळते, तिच्यावरचा सांगाडा पिळतो. मुक्कामी गाडी समतल करायला खालचे जॅक टेकवतात. पुढचा एकच कोपरा जोरात उचलला, तर तो पीळ थेट काचेच्या कोपऱ्यात जातो. काही गाड्यांत काच रबराच्या खाचेतून कोपऱ्यात बाहेर येते. काहींत सकाळी उठून पाहावं तर तडा हजर, आणि खड्याचा मागमूस नाही. म्हणून जॅक जोडीने उचलावेत, आणि जमीन फारच वाकडी असेल तर चाकाखाली फळ्या घालाव्यात.

दुसरं कारण उष्णतेचं. एक हिशेब करू. २.३ मीटर रुंदीची काच पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापली, तर सुमारे ०.८ मिलिमीटरने वाढते. तितक्याच लांबीची अॅल्युमिनियमची पट्टी दोन मिलिमीटरच्या वर वाढते. हा फरक मधल्या रबराने किंवा चिकट थराने गिळायचा असतो. रबर कडक झालं असेल, किंवा काच कुठेतरी थेट धातूला टेकली असेल, तर तो फरक काचेलाच सोसावा लागतो.

तेव्हा काचवाल्याला फोन करण्याआधी तीन गोष्टी पाहा. पहिली, तडा कुठून निघाला? त्याच्या वाटेवर कुठे खड्याचा खळगा आहे का? नसेल आणि तो कडेतून निघाला असेल, तर संशय चौकटीवर घ्या. दुसरी, चारही कोपऱ्यांत काच आणि चौकट यांतलं अंतर सारखं आहे का? तिसरी, खालच्या कडेला गंज, पाण्याचे ओघळ, फुगलेलं लाकूड दिसतं का? पाणी झिरपून सांगाडा कमजोर झाला असेल, तर नवी काचही त्याच कोपऱ्यातून फुटेल. एकाच जागी दुसऱ्यांदा तडा जाणं हा योगायोग समजू नका.

बदलायचंच ठरलं, तर कामाचा आवाका समजून घ्या. काचेचं वजन काढायला सोपं सूत्र आहे : दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. अडीच चौरस मीटरची, दोन्ही थर मिळून सहा मिलिमीटरची काच धरली तर सदतीस-अडतीस किलो होतात. ती उचलून फायबरग्लासच्या चौकटीत अलगद बसवायला दोन-तीन सराईत माणसं लागतात. म्हणून मोटरहोम किंवा बस यांच्या काचांचा अनुभव असलेलाच कारागीर शोधा, आणि 'जुनी काच काढल्यावर चौकट आम्हाला दाखवा, मगच नवी बसवा' हे आधीच सांगून ठेवा. आमच्या मते या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. कारण चौकट उघडी पडते ती एवढ्याच वेळापुरती. गंज घासणं, पीळ पाहणं, कुजका भाग काढणं, जे करायचं ते तेव्हाच.

बसवण्याच्या पद्धती दोन. एक रबराच्या पट्टीत, दुसरी युरेथेनच्या चिकट थराने. रबर जुनं असेल तर काचेबरोबर तेही बदला, चार पैसे वाचवायला जुनंच लावू नका. युरेथेनला घट्ट व्हायला वेळ लागतो. गंमत म्हणजे ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. तड्याला घातक ठरणारं पाणी इथे कामाला येतं. गाडी किती वेळाने हलवायची हे त्या रसायनावर, तापमानावर आणि हवेतल्या दमटपणावर अवलंबून असतं. कारागिराला तो वेळ विचारा आणि पाळा. तेवढ्या वेळात जॅकही चाळवू नका. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो, लेन सुटली किंवा टक्कर होण्याचा संभव दिसला की तो सूचना देतो. काच बदलल्यावर त्याची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते.

काच मिळेल का, हा आणखी एक प्रश्न. मंदीच्या काळात, मार्च २००९ मध्ये, फ्लीटवूड आणि मोनॅको या दोन मोठ्या मोटरहोम कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. त्यांच्या जुन्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. अशा गाडीचं साल, मॉडेल, काचेवरचा शिक्का आणि क्रमांक यांचा फोटो काढून ठेवा. काच फुटण्याआधी काढलात तर उत्तम.

विम्याचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत काचेचं नुकसान सहसा कॉम्प्रिहेन्सिव्ह भागात येतं, आणि छोट्या दुरुस्तीसाठी बरेच विमेकरी तुमचा वाटा मागत नाहीत. टवका वेळेत भरून घेण्याला हाही एक आधार आहे. मात्र चौकटीच्या दोषाने गेलेली काच आणि खड्याने गेलेली काच यांत विमा कंपनी फरक करू शकते. म्हणून तड्याचे जवळून फोटो काढा, आणि जे दिसलं तेच लिहून द्या.

शेवटी आमच्या विषयाकडे येतो. मिलिंदपञ्हात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतात, तुझा रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकेक भाग बाजूला काढत गेलं, तर रथ कुठेच सापडत नाही. हे भाग ठरावीक रीतीने एकत्र आले, की त्याला आपण रथ म्हणतो. आपल्या काचेचंही तसंच आहे. दुकानदार विकतो तो काचेचा तुकडा. आपल्याला हवी असते ती चौकटीत, रबरात, सांगाड्यावर ताण न घेता बसलेली काच. दुसरी गोष्ट नुसत्या पैशाने येत नाही, त्यासाठी चौकट पाहावी लागते.

म्हणून 'दुरुस्ती की बदल' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिल्या क्रमांकावर 'कशामुळे' ठेवा. खडा असेल तर पट्टी लावा आणि लवकर भरून घ्या. चौकट असेल तर आधी चौकट. एवढं केलंत, तर एकच काच दोनदा घ्यावी लागणार नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर लिहून पाठवा, पुढच्या वेळी सुरुवात त्यांनीच करू.