बर्लिनपासून ४० किलोमीटर, आणि २०६ आपली माणसं

ऑनसाइटवर बर्लिनला गेलात, की वीकेण्डचा प्लॅन ठरलेला. ब्रांडेनबुर्ग गेट, भिंतीचे तुकडे, रात्री एखादा क्लब. यंदा त्यात एक अर्धा दिवस त्सेरेन्सडॉर्फला द्या. बर्लिनच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटर. ट्रेनने व्युन्सडॉर्फला उतरायचं आणि पुढे झाडीत शिरायचं. तिथे एक छोटीशी लष्करी दफनभूमी आहे. २०६ जणांची, आणि जवळजवळ सगळे अखंड हिंदुस्थानातले!

हे इथे कसे पोचले? पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी लढताना जर्मनांच्या हाती सापडलेले शीख, गुरखे, पठाण इथल्या ‘हाफमून कॅम्प’मध्ये ठेवले होते. त्यांना ब्रिटिशांविरुद्ध फिरवायचा जर्मनांचा बेत होता. त्यासाठी १९१५ मध्ये लाकडी मशीद बांधली, कैद्यांसाठी ‘हिंदोस्तान’ नावाचं वर्तमानपत्र काढलं. बडदास्त म्हणावी तर तीच. पण थंडीला आणि क्षयाला प्रचार कळत नाही. १९१७ मध्ये बऱ्याच जणांना रुमानियात हलवलं. काही मात्र इथेच राहिले, कायमचे.

कॅम्पात भाषातज्ज्ञही यायचे, कैद्यांचे आवाज रेकॉर्ड करायला. ११ डिसेंबर १९१६ ला माल सिंग नावाचा शिपाई पंजाबीत बोलला. एक माणूस होता, घरी लोणी खायचा, लढाईत आला, पकडला गेला, आता त्याला परत जायचंय... स्वतःचीच गोष्ट, पण परक्याची असल्यासारखी. ते रेकॉर्डिंग बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात जपलेलं आहे. फिलिप शेफनरची ‘द हाफमून फाइल्स’ (२००७) ही डॉक्युमेंटरी त्याच्याच मागावर निघते. जायच्या आधी नक्की बघा.

आवाज जपले गेले, कबरी मात्र नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेला. कबरींची देखभाल अशक्य झाली, म्हणून १९६४ मध्ये यांची नावं फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या भारतीय स्मारकावर ब्राँझच्या पत्र्यावर कोरली. म्हणजे माणूस जर्मनीत, नाव फ्रान्समध्ये, आणि घर? ते पार पंजाबात, नाहीतर नेपाळच्या डोंगरात. १९९४ मध्ये रशियन सैन्य गेलं, मग दुरुस्ती झाली, २००५ मध्ये दफनभूमी पुन्हा खुली झाली.

सेल्फी नको प्लीज. त्यापेक्षा चार-दोन नावं मोठ्याने वाचा. ती नीट उच्चारणारं कुणी तिथे रोज येत नाही.