चिकूच्या मागणीचा आडाखा व बागाईतदाराचें हित

घोलवड-डहाणूच्या बागाईतदारांस आपल्या मालाची थोरवी नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. 1898 च्या सुमारास घोलवड येथें चिकूची लागवड झाली आणि पुढें हा सारा किनारा चिकूच्या बागांनीं भरून गेला. 2021 सालच्या सरकारी माहितीप्रमाणें पालघर जिल्ह्यांत सुमारें 5,000 हेक्टर जमीन या पिकाखालीं होती. 2016 सालीं 'डहाणू घोलवड चिकू' या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें व जुलै 2021 मध्यें हें मानांकित फळ विलायतेस रवाना झालें. परंतु कीर्ति वाढली म्हणून फळाचा स्वभाव पालटत नाहीं. झाडावरून उतरलेला चिकू पांच ते सात दिवसांत पिकतो; फार थंड कोठारांत ठेवावा तर तो नीट पिकत नाहीं. कांद्याप्रमाणें चाळींत भरून भावाची वाट पाहण्याची सोय या धंद्यांत नाहीं. सबब कोणत्या दिवशीं किती माल उतरावा, हाच बागाईतदाराच्या हातीं उरलेला मोठा निर्णय होय.

सुदैवानें या झाडावर फुलें, कोवळीं फळें व तयार फळें एकाच वेळीं असतात, आणि तोडणी कांहीं दिवस अलीकडे-पलीकडे करतां येते. म्हणून आठ दिवसांनंतरच्या मागणीचा अंदाज आधीं कळला तर त्याचा उपयोग खरोखर होतो. आजवर हा अंदाज दलालाचा निरोप व स्वतःचा अनुभव यांवर चालत असे. आतां अन्नपदार्थांच्या मोठ्या पेढ्या हें काम संगणकाकडून करवून घेऊं लागल्या आहेत. यालाच कृत्रिम बुद्धिमत्तेचा मागणी-अंदाज म्हणतात. आपला माल ज्यांच्या आडाख्यावर उचलला जातो, त्यांचा आडाखा कसा चालतो हें आपणांस ठाऊक असलें पाहिजे.

रीत मुळांत सोपी आहे. मागील कांहीं वर्षांत कोणत्या दिवशीं, कोणत्या भावानें, किती माल खपला, त्या दिवशीं ऊन होतें कीं पाऊस, उपवास होता कीं सण, ही सर्व नोंद यंत्रास पुरविली जाते. कोणत्या कारणानें खप किती चढतो वा उतरतो हें यंत्र त्या नोंदींतून शोधून काढतें व पुढील दिवसांस लावून पाहतें. नोंद अपुरी असली तर उत्तरहि अपुरें येतें. नवरात्राचेंच उदाहरण घ्या. 2022 सालीं घटस्थापना 26 सप्टेंबरला होती; 2023 सालीं अधिक श्रावण आल्यामुळें ती 15 ऑक्टोबरला झाली. रमजानचा महिना तर दरवर्षीं सुमारें अकरा दिवस मागें सरकतो. केवळ इंग्रजी तारखांवर चालणारें यंत्र उपवासाच्या फळांची मागणी तीन आठवडे चुकवील. पंचांग जोडून दिलें तर तें सुधारतें. घरांतील वडीलधाऱ्या माणसास जें सहज कळतें, तें यंत्रास मुद्दाम सांगावें लागतें.

यंत्राची खरी योग्यता किती, याची एक परीक्षा 2020 सालीं झाली. अमेरिकेंतील वॉलमार्ट या दुकानदारी कंपनीच्या दहा दुकानांतील 3,049 वस्तूंच्या विक्रीचा अंदाज करण्याची ती जाहीर स्पर्धा होती. 5,507 गट उतरले. नुकत्याच झालेल्या विक्रीस अधिक व जुन्या विक्रीस कमी वजन देण्याच्या साध्या, जुन्या रीतीवर त्यांपैकीं अवघ्या 415 गटांना मात करतां आली. मात्र पहिल्या आलेल्या गटाची चूक या साध्या रीतीच्या चुकीपेक्षां वीस टक्क्यांहून अधिक कमी होती. यावरून दोन गोष्टी निघतात. चांगल्या हातीं हें साधन फार उपयोगी आहे. आणि केवळ नवें नांव दिलें म्हणून कोणताहि आडाखा जुन्या हिशोबाहून सरस ठरत नाहीं.

यांत एक दोष वारंवार शिरतो. विक्री आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकानांत चाळीस किलो चिकू आला व दुपारींच संपला, तर वहींत चाळीसच लागतात. संध्याकाळीं रिकाम्या हातानें परत गेलेलीं गिऱ्हाइकें कोणी लिहीत नाहीं. अशा वहीवर शिकलेलें यंत्र पुढेंहि चाळीसच मागतें. तसेंच मार्च 2020 मध्यें टाळेबंदी आली तेव्हां मागील वर्षांच्या नोंदी एकाएकीं निरुपयोगी झाल्या. जें नोंदींत कधीं घडलें नाहीं, तें यंत्रास आपोआप सुचत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, अंदाज व मागणीपत्र एक नव्हेत. समजा, दुकानदार 30 रुपये किलोनें चिकू घेतो व 50 रुपयांस विकतो. एक किलो कमी पडला तर त्याचा 20 रुपयांचा नफा बुडतो. एक किलो उरून फुकट गेला तर 30 रुपये जातात. म्हणून तो अंदाजाहून किंचित् हात आंखडूनच माल मागवील. परंतु उरलेल्या मालाचे पैसे बागाईतदाराच्या बिलांतून कापण्याचा करार असेल, तर उरण्याचें भय त्यास नाहीं. तो खुशाल जादा मागवील. यंत्र तेंच, अंदाज तोच. मात्र चुकीचा भार दुकानांतून उठून घोलवडच्या वाडींत येतो.

तेव्हां बागाईतदार बंधूंनीं करार करतांना चार गोष्टी लेखी मागून घ्याव्या. मागणी तोडणीपूर्वीं किती दिवस कळविली जाईल. तोडणीनंतर ती कमी केल्यास भरपाई कोणती. न खपलेल्या मालाचा तोटा कोणाचा. आणि आपल्या मालाची रोजची विक्री व माल संपल्याची वेळ आपणांस कळेल कीं नाहीं. हें मागणें एकट्यादुकट्याचें चालत नाहीं. मंडळानें एकत्र केलें तर चालतें.

दुसरें काम आपल्याच घरचें आहे. प्रत्येक सभासदानें तोडणीचा दिवस, प्रतवारीप्रमाणें वजन, पाठविल्याचें ठिकाण, मिळालेला भाव व परत आलेला माल यांची रोज नोंद ठेवावी आणि मंडळानें त्या नोंदी एकत्र कराव्या. महाराष्ट्र सरकारनें जून 2025 मध्यें 2025 ते 2029 या काळासाठीं शेतींतील कृत्रिम बुद्धिमत्तेचें धोरण मंजूर केलें असून पहिल्या तीन वर्षांकरितां 500 कोटी रुपये राखले आहेत. या पैशांतून चिकूसाठीं कांहीं पदरीं पडावयाचें असेल, तर आपणांजवळ दाखविण्यासारख्या वह्या हव्यात. आज नोंदी खरेदीदाराजवळ आहेत, म्हणून अंदाजहि त्याच्या सोयीचा होतो. दोन-तीन हंगामांच्या निर्दोष वह्या मंडळाच्या दप्तरीं जमल्या, म्हणजे खरेदीदाराचा आकडा तपासून पाहण्यास आपला स्वतःचा आकडा हातीं असेल. येत्या तोडणीपासूनच हें काम सुरू करावें.