प्राथमिक शिक्षणावरील सरकारी खर्च : मुंबई प्रांत आणि हैदराबाद संस्थान (बीड जिल्हा)

प्राथमिक शिक्षणावरील सरकारी खर्चाची तुलना म्हणजे दोन शेजारी राज्यांनी मुलांच्या पायाभूत शिक्षणासाठी किती पैसा, कोणत्या मार्गाने आणि कोणासाठी खर्च केला, याचा अभ्यास होय. महाराष्ट्रातील बीड जिल्हा हे या अभ्यासाचे एक बोलके उदाहरण आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर त्याला लागून असलेला अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा ब्रिटिश अमलाखालील मुंबई प्रांतात होता. सीना नदी काही अंतरापर्यंत या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. दोन्ही तीरांवरील शेती, पर्जन्यमान आणि बोली सारखीच होती. राज्यव्यवस्था मात्र भिन्न होती.

मुंबई प्रांतातील व्यवस्था

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई प्रांतात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाऊ लागला आणि त्यातील एक तृतीयांश भाग शाळांसाठी राखला जाई. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. विठ्ठलभाई पटेल यांच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविला गेला. सक्तीच्या शिक्षणासाठी होणाऱ्या वाढीव खर्चापैकी जिल्हा लोकल बोर्डांना दोन तृतीयांश व नगरपालिकांना निम्मा भाग सरकारने द्यावा, अशी त्यात तरतूद होती. शिक्षणाच्या पैशाला कायद्याचा आधार मिळाला, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय.

हैदराबाद संस्थानातील व्यवस्था

हैदराबादेत शिक्षण खाते मध्यवर्ती सत्तेच्या हाती होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. प्राथमिक शाळांच्या खालच्या वर्गांत मातृभाषेला काही स्थान असले, तरी पुढील शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होत असे. त्यामुळे मराठी भाषक मुलाला शाळा उपलब्ध असूनही तिचा पुरेसा लाभ मिळत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी लोकवर्गणीतून शाळा उभ्या राहिल्या. त्यांपैकी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या (तेव्हाचे मोमिनाबाद) शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले. असा लोकांचा खर्च सरकारी हिशेबात दिसत नाही.

तुलनेतील अडचणी

दोन्ही राज्यांचे आकडे थेट शेजारी मांडल्यास दिशाभूल होते. त्याची कारणे अशी :

१. चलन : हैदराबादचा हाली शिक्का ब्रिटिश कलदार रुपयाहून हलका होता. १०० कलदार रुपयांना सुमारे ११६ ते ११७ हाली रुपये पडत.

२. वर्ष : संस्थानाचे हिशेब फसली सनानुसार ठेवले जात व ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सनाचे स्थूल वर्ष मिळते.

३. प्रदेश : संस्थानाचा सुमारे ४० टक्के प्रदेश जहागिरी, पायगा व सर्फ-ए-खास यांत मोडत असे. तेथील महसूल दिवाणी खजिन्यात येत नसे. म्हणून एकूण खर्चाला एकूण लोकसंख्येने भागून येणारी सरासरी प्रत्येक गावास लागू पडत नाही.

विलीनीकरणानंतर

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६२ पासून दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा परिषदांमार्फत एकाच पद्धतीने शाळा चालू लागल्या. तरीही २००१ च्या जनगणनेत बीडची साक्षरता सुमारे ६८ टक्के, तर अहमदनगरची सुमारे ७५ टक्के होती. २०११ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७७ व ७९ टक्के झाले. या तफावतीचे कारण केवळ जुना खर्च नव्हे. दुष्काळ व स्थलांतर यांचाही त्यात वाटा आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांकडे जातात. मुले सोबत गेली, तर शाळेच्या पटावर नाव राहते, पण वर्गात मूल नसते. हे टाळण्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालविली जातात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू असला, तरी अशा जिल्ह्यात पटसंख्येवरून काढलेला दरडोई खर्च पुरेसा ठरत नाही. प्रत्यक्ष उपस्थित मुलांपर्यंत किती खर्च पोहोचला, हेही पाहावे लागते.