सागाची आरामखुर्ची

अमरावती-अकोल्याच्या जुन्या घरांत आणि इंग्रजी अमदानीतल्या विश्रामगृहांत दिसणारी आरामखुर्ची बहुधा सागाची असते. साग मेळघाटच्या डोंगरात आपोआप वाढतो. परतवाडा ही त्या लाकडाची जुनी बाजारपेठ. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी आणि अंगचे तेल असलेला, म्हणून वाळवी सहसा लागत नाही आणि ऋतू बदलले तरी लाकूड फारसे पिळत नाही. खुर्चीची पाठ कललेली, हात लांब नि रुंद. काहींत हाताखालची फळी पुढे फिरवून तिच्यावर पाय टेकता येतात. बैठक वेताची. वीण सैल पडली की तेवढीच बदलतात.

डेन्मार्कच्या कारागिरांनीही दुसऱ्या महायुद्धानंतर आशियाई साग मोठ्या प्रमाणावर वापरला. हान्स वेग्नर आणि फिन यूल या तिथल्या रचनाकारांच्या १९४९च्या गाजलेल्या खुर्च्यांत हातांचा घडीव गोलवा हेच खरे वैभव. यूलच्या ‘चीफटन’ खुर्चीची बैठक कातड्याची आहे. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या अकोल्यात मात्र वारा खेळू देणारा वेतच सरस.

जुनी खुर्ची उलटी करून पारखावी. सांध्यांत खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या असल्या, तर काम चांगल्या सुताराचे समजावे.